मोजणीची विद्या आणि वाढतीं गांवें

'शाश्वत विकास' हा शब्द आतां विद्यापीठांच्या पदव्यांत स्थिर झाला आहे. १९८७ सालीं ग्रो हार्लेम ब्रुंटलँड ह्यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून त्यास जगभर प्रतिष्ठा लाभली. आणि आमच्या मध्यमवर्गीय घरांतील मुलेंही ह्या विषयाच्या उच्च पदवीसाठीं परदेशीं जाऊं लागलीं. जाण्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ही विद्या परदेशांतूनच आणावी लागते, ही समजूत मात्र इतिहासाला धरून नाहीं.

पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांनीं पिंपळे सौदागर ह्या गांवाची पाहणी करून १९१७ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. १७७१ सालीं तेथील जमिनीचें सरासरी खातें ४० एकरांचें होतें. १९१४-१५ च्या सुमारास तें ७ एकरांवर आलें होतें, असें त्यांना आढळलें. पुढें कानिटकरांच्या सहकार्यानें त्यांनीं जातेगांव बुद्रुकची पाहणी केली. ती १९२१ सालीं बाहेर आली. मॅन इंग्रज होते, तेव्हां ही विद्याही परकीच, असें कोणी म्हणेल. पण पद्धति त्यांची असली तरी ज्ञान गांवचें होतें. जुन्या कागदांनीं आणि शेतकऱ्यांच्या उत्तरांनीं तें दिलें होतें.

ह्या बीजास पुढें संस्थांचें रूप आलें. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत पॅट्रिक गेडीस ह्यांच्याकडे समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभाग सोंपविण्यांत आला. १९३० सालीं पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली व धनंजयराव गाडगीळांनीं तिला पाहणीचें वळण लावलें. १९३६ सालीं मुंबईंत टाटांच्या देणगींतून समाजकार्याचें उच्च शिक्षण सुरू झालें. १९५६ सालीं तर संयुक्त राष्ट्रसंघ, भारत सरकार व सर दोराबजी टाटा ट्रस्ट ह्यांनीं मिळून मुंबईंत लोकसंख्याशास्त्राचें केंद्र काढलें, आणि आशियांतील इतर देशांचे विद्यार्थी तेथें शिकावयास येऊं लागले. म्हणजे प्रवासाची दिशा उलटही होती.

आतां मीरा-भाईंदरकडे पाहूं. साष्टीच्या उत्तर टोंकास, वसईच्या खाडीकांठीं वसलेला हा मुलूख एके काळीं मिठागरें, भातशेती व मासेमारी ह्यांवर जगे. १९८५ सालीं येथें नगरपरिषद झाली, २००२ सालीं महानगरपालिका. २००१ च्या शिरगणतींत लोकवस्ती सुमारें ५ लाख २० हजार होती; २०११ मध्यें ती ८ लाखांवर गेली. शहराचा कचरा मात्र उत्तनच्या डोंगराकडे गेला, आणि त्याविरुद्ध तेथील कोळी व शेतकरी ह्यांना वर्षानुवर्षें तक्रारी कराव्या लागल्या. वाढीचा लाभ एकाला आणि ओझें दुसऱ्याला, हा विकासशास्त्राचा मूळ प्रश्न येथें रेल्वे-स्टेशनापासून कांहीं मैलांवर उभा आहे.

मोजणीनें गांव वांचतें काय? पिंपळे सौदागर वांचलें नाहीं. तें आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामावलें असून शेतांच्या जागीं उंच इमारती आहेत. तथापि तेथें काय होतें व तें कसें तुटत गेलें, हें आंकड्यांनिशीं सांगतां येतें. जें मोजलें जातें त्याचा जाब तरी विचारतां येतो. जें मोजलेंच नाहीं त्याची हानि नुसती हळहळ म्हणून उरते.

म्हणून आमचें पालकांस व अध्यापकांस इतकेंच सांगणें आहे. मुलानें परदेशची पदवी अवश्य घ्यावी. पण निघण्यापूर्वीं त्यानें उत्तनच्या एखाद्या कोळी कुटुंबाचा वर्षाचा जमाखर्च समजून घ्यावा, एखाद्या मिठागराची हद्द जुन्या नकाशावर शोधावी. मोजणीची दीक्षा घरच्या मातींत मिळाली, तर परदेशच्या विद्येला रुजावयास जागा मिळेल. एरव्हीं ती केवळ भिंतीवर टांगलेली सनद होईल.