हरवलेल्या सुवर्णपदकाची नक्कल

१७ जानेवारी १७८१ रोजी दक्षिण कॅरोलायनातील काउपेन्स येथे डॅनियल मॉर्गन या सेनानीने इंग्रजी फौजेची जी दाणादाण उडविली, तिच्या गौरवार्थ अमेरिकन काँग्रेसने त्याच वर्षी मार्चमध्ये सुवर्णपदकाचा ठराव केला. परंतु नवजात राष्ट्रापाशी अशा कामाची टांकसाळ नसल्याने ठसे पॅरिसमध्ये ऑग्युस्तँ द्युप्रे या थोर शिल्पकाराने कोरले, आणि पदक मॉर्गनच्या हाती पडले ते १७९० साली. एका अंगास आदिवासी स्त्रीच्या रूपातील अमेरिका त्याच्या मस्तकी विजयमाला घालीत आहे, दुसऱ्या अंगास तो स्वतः अश्वारूढ होऊन शत्रूवर चालून जात आहे; आणि एवढ्याशा वर्तुळात घोड्यांची झेप नि निशाणांची फडफड अशी काही साधली आहे की, द्युप्रेच्या साऱ्या कृतींत मी हिलाच अग्रमान देईन.

मॉर्गनच्या पश्चात हे पदक त्याच्या नातवाकडे गेले, आणि १८१८ साली पिट्सबर्गच्या एका पेढीवर दरोडा पडला त्यात ते नाहीसे झाले. पुढे १८३६ साली काँग्रेसने वारसाच्या अर्जावरून दुसरे पदक मंजूर केले, आणि त्यासाठी झां-झाक बार याने १८३९ साली पॅरिसमध्ये नवे ठसे कोरले. याच नकली ठशांवरून फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने पुढे संग्राहकांसाठी कांस्यपदकेही पाडली.

येथे ‘नकली’ म्हणजे बनावट नव्हे. आपल्या दफ्तरखान्यांत अस्सल कागद गहाळ झाला असता अस्सलबरहुकूम केलेली नक्कल जशी पुराव्यास उतरते, तसाच या पदकांचा दर्जा आहे. सरकारी हुकमाने झालेले हे काम फसवणुकीच्या हेतूने मुळीच झालेले नाही. तथापि दोहोंतील भेद ओळखणे हे संग्राहकाचे आद्य कर्तव्य होय. बारचा हात कुशल खरा, पण अक्षरांमधील अंतर, घोड्यांच्या आयाळी, भूमीवरील रेषा हे सारे भिंगाखाली ताडून पाहिले पाहिजे, कारण पोलादावर हाताने केलेले कोरीव काम दुसऱ्यांदा तंतोतंत उतरत नाही. धातूही तपासावा: एकोणिसाव्या शतकातील फिलाडेल्फियाची ‘कांस्य’ पदके बहुधा तांब्याचीच असून, चूर्ण लावून तापविल्याने त्यांस तो गर्द महोगनी वर्ण आलेला असतो. पॅरिसच्या पदकांची कड तर अवश्य पाहावी. तेथील टांकसाळ १८३२ पासून कडेवर खूण उमटवीत आली आहे. १८४५ ते १८६० या काळात ती रोखलेल्या बोटाच्या हाताची होती, नंतर १८७९ पर्यंत मधमाशीची, आणि १८८० पासून फलपुष्पांनी भरलेल्या शिंगाची. कोणत्या ठशाचे, कोणत्या टांकसाळीचे आणि कोणत्या काळाचे याचा खुलासा न करता असे पदक लिलावाच्या यादीत घालणे हा द्युप्रेवर जितका अन्याय आहे, तितकाच बारवरही आहे.