अखंड सुधारणा (बांधकाम व्यवस्थापन)

बांधकाम चालू असतानाच त्यातील खोळंबा, फेरकाम आणि नासाडी यांची कारणे शोधून पुढच्या कामाची रीत बदलत राहण्याची शिस्त. तिचे मूळ जपानी कारखान्यांत, विशेषतः टोयोटाच्या उत्पादनपद्धतीत आहे. फिनलंडचे संशोधक लॉरी कोस्केला यांनी 1992 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लिहिलेल्या अहवालात हा विचार बांधकामाला लावला. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या अमेरिकी अभ्यासकांनी त्याला साइटवर आणले. तीच ‘लास्ट प्लॅनर’ पद्धत. आठवड्यासाठी ठरलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मी-अर्धीच वेळेत होतात, असे त्यांना आढळले होते. म्हणून काम करवून घेणाऱ्या मुकादमाने आणि पोटकंत्राटदाराने आठवड्याचा शब्द स्वतः द्यायचा, आठवड्याअखेर तो किती पाळला गेला हे टक्क्यांत मोजायचे आणि राहिलेल्या प्रत्येक कामापुढे कारण लिहायचे. या पद्धतीचा सारा जीव कारणांच्या त्या रकान्यात आहे. समजा, सेंट्रिंग झाले, सळई बांधून झाली, पण विजेचे पाइप टाकले नाहीत म्हणून स्लॅब लांबला. रकान्यात ‘माणसे कमी’ एवढेच लिहिले की चौकशी तिथेच संपते. खोदून विचारले तर कळते, की दिव्या-पंख्यांच्या जागांचा सुधारित नकाशाच मंजुरीत अडकला होता. मग पुढच्या स्लॅबचा नकाशा सेंट्रिंगआधीच मागवता येतो.

प्रत्येक बांधकाम निराळे, तिथे कारखान्याची शिस्त कशी चालणार, हा नेहमीचा आक्षेप. जमीन आणि आराखडा बदलतो हे खरे. पण 10 मजली इमारतीत स्लॅबचे तेच चक्र 10 वेळा फिरते. कोकण रेल्वेवरील रत्नागिरीजवळच्या 64 मीटर उंच पानवल पुलाचा वरचा भाग काठावर तुकड्यातुकड्याने ओतून दरीवर पुढे ढकलत नेला. अवघड जागीही काम असे आवर्तनांत बसवता येते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: टक्केवारी चांगली दिसावी म्हणून सोपीच कामे कबूल केली जातात आणि खरी कारणे दडवली जातात. हे होतेच, विशेषतः जिथे सर्वांत कमी दराला काम मिळते आणि उशिराला दंड असतो. तिथे स्वतःची चूक लिहून देणे कंत्राटदाराला परवडत नाही. आकडा बिलाला जोडला की तो निकामी होतो. त्यामुळे साप्ताहिक कारणांची नोंद दंडाच्या कारवाईत पुरावा म्हणून वापरली जाणार नाही, असे कलम मालकाने निविदेतच घालायला हवे.