घाटाखालचा आवाज

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नव्या माणसाला नाव विचारून झाले, की लगेच दुसरा प्रश्न येतो : "घाटावरचे की घाटाखालचे?" अजिंठ्याच्या डोंगराने जिल्ह्याचे असे दोन भाग करून ठेवले आहेत. जिल्ह्याचे ठाणे वर, बुलढाण्यास. रेल्वे खाली, मलकापुरास. आणि आमचे मोताळे या दोहोंच्या मधल्या वाटेवर, घाटाखाली. वर जायचे तर राजूरचा घाट चढल्यावाचून गत्यंतर नाही.

माझ्या दारात एक जुनी जीप उभी असते. तिच्या टपाच्या बरोबर मध्यभागी हातभर लांबीची एक पोलादी काडी आहे. आमच्या सौभाग्यवती जीपला 'एकशिंगी' म्हणतात. दिवाळीत घरी येणारी पोरेसोरे फराळाआधी त्या काडीविषयी विचारतात. यंदा म्हटले, एकदा सारी हकीकत लिहूनच काढावी. वाचकांनी हातातली चकली खाली ठेवण्याचे कारण नाही. हकीकत लांबलचक नाही.

तिचा आरंभ १९६८ सालच्या पावसाळ्यात आहे. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. माझी धाकटी आत्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. रात्री ती अडली. पावसाने टेलिफोनची तार तुटलेली. वरून गाडी मागवावी म्हणून एक माणूस सायकलने घाटाच्या वाटेला लागला. गाडी आली ती पहाटे. आत्या त्याआधीच गेली होती. आजोबा ओसरीवर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते : "निरोप लवकर पोचला असता तर..." ते वाक्य माझ्या कानातून कधी गेले नाही.

निरोप तारेवाचून जाऊ शकतो, ही गोष्ट तेव्हा काही नवी नव्हती. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्यास विद्युत्लहरी भिंतीपलीकडे पाठवून दाखविल्या होत्या. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा जी सातशेंवर माणसे वाचली, ती बिनतारी संदेश ऐकून धावून आलेल्या जहाजामुळे. परंतु जहाजावर यंत्र ठेवणे निराळे आणि मोटारीत ठेवणे निराळे. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या मोटारींत बिनतारी बसविली, पण ती केवळ ऐकण्यापुरती. शिपायाला हुकूम कळे, उत्तर देता येत नसे. मोटारीतून बोलताही येईल अशी दुहेरी सोय न्यू जर्सीतील बेयॉन गावच्या पोलिसांनी १९३३ मध्ये केली. त्या काळची यंत्रे काचेच्या व्हॉल्व्हची. त्यांना शेकडो व्होल्टचा दाब लागे आणि मोटारीची बॅटरी तर सहा नाहीतर बारा व्होल्टची! म्हणून फिरते जनित्र नाहीतर कंपनयंत्र जोडून दाब वाढवावा लागे. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे ही सारी सामग्री पुस्तकाएवढ्या पेटीत मावू लागली.

आपल्याकडे अडचण यंत्राची नव्हती तेवढी विश्वासाची होती. हिंदुस्थानात हौशी बिनतारीचा आरंभ १९२१ सालचा. पहिले परवानाधारक कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू. पण १९३९ साली महायुद्ध पेटले आणि सरकारने हौशी मंडळींची यंत्रे जमा करून घेतली. सरकारची भीती अगदीच निराधार नव्हती, हे मान्य केले पाहिजे. १९४२ च्या ऑगस्टात मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याचे यंत्र उभारण्यात नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञाचा हात होता. जागा बदलत बदलत तो आवाज सुमारे तीन महिने चालला आणि १२ नोव्हेंबरला पकडला गेला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. एका खोलीतला आवाज साम्राज्याला झोप येऊ देत नाही, हे सरकारने तेव्हा पाहिले. सत्ता बदलली तरी कायदा १९३३ चाच राहिला. परवान्यावाचून बिनतारी बाळगणे गुन्हाच. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, महू येथे हौशी मंडळींचा क्लब निघाला आणि १९५४ मध्ये त्याची अखिल भारतीय संस्था झाली. तरीही खेड्यातल्या माणसाला हे जग सिनेमातल्या हेरांइतकेच दूरचे होते.

मला ते जवळून दिसले किल्लारीत. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. थकूनभागून झोपलेल्या गावांवर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप आला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. आम्ही मोताळ्याहून धान्य आणि घोंगड्या घेऊन एका ट्रकने तिकडे गेलो. तेथे एका जीपजवळ लोकांची रांग लागलेली दिसली. जीपच्या पुढल्या आसनावर एक तरुण मुख्यध्वनिक तोंडाशी धरून बसला होता आणि एकेक नाव, एकेक गाव सावकाश उच्चारून पलीकडे सांगत होता. एक म्हातारी रांगेतून पुढे आली. तिने मुलाचे नाव सांगितले आणि विचारले, "त्याला कळेल ना, मी जित्ती हाय म्हणून?" थोड्या वेळाने पेटीतून उत्तर आले, "निरोप मिळाला." म्हातारी तेथेच खाली बसली. मला आजोबांची ओसरी आठवली.

परत येऊन मी अभ्यासाला लागलो. मोर्सची कटकट्ट भाषा रात्री ताटावर चमचा वाजवून शिकलो. घरच्यांनी ती कशी सोसली तेच जाणोत. परीक्षा झाली, चौकशी झाली आणि १९९६ साली परवाना हाती आला. मोटारीतून बोलण्याची मुभाही रीतसर घेतली.

घरात यंत्र ठेवले असते तर चालले नसते काय? नाही, आणि या हकीकतीतली खरी मेख तीच आहे. मी वापरतो त्या दोन मीटरच्या लहरी प्रकाशासारख्या जवळजवळ सरळ जातात. डोंगर आडवा आला की पलीकडे अंधार. मोताळ्यातून बोललेले बुलढाण्यास पोचेना. परंतु जीप घेऊन घाटाच्या वरच्या वळणावर गेले, की खालचे मैदान आणि वरचे पठार, दोन्ही जणू दृष्टीच्या टप्प्यात येत. आवाजाला उंची हवी होती, आणि ती मोटारच देऊ शकत होती.

गावातला मिस्त्री माझ्यासोबत खपला. "सर, हे काय लावून राह्यले गाडीले?" असे म्हणत म्हणत त्यानेच सारी जोडणी केली. दोन्ही तारा जाड, थेट बॅटरीपासून ओढलेल्या. दिव्यांच्या नाही तर भोंग्याच्या तारेतून वीज चोरायची नाही, कारण बोलताना यंत्र दहा अँपियरच्या आसपास प्रवाह खेचते आणि बारीक तार तापते. बॅटरीजवळच दोन्ही तारांना फ्यूज. पत्र्यातून तार जाते तेथे रबराची कडी, नाहीतर हादऱ्यांनी तार सोलून आग लागायची. टपाचा पत्रा काडीखाली आरशासारखे काम करतो, म्हणून काडी मध्यभागी. इंजिन डिझेलचे असल्याने ठिणगीचा खरखराट नव्हता.

पण एकटे यंत्र म्हणजे एका हाताची टाळी. वर बुलढाण्यास एक वयस्क गृहस्थ हाच छंद बाळगून होते. आठवड्यातून दोनदा, रात्री नऊ वाजता, मी घाटात जाई आणि आम्ही पाच मिनिटे बोलत असू. बोलण्यासारखे काही नसले तरी बोलत असू. लोक हसत. एका व्यापाऱ्याने खामगावच्या कापसाचा भाव रोज आणून देण्याबद्दल चार पैसे देऊ केले. हौशी परवान्यावर धंद्याचा शब्द चालत नाही, असे मी सांगितले, तेव्हा "मग उपयोग काय तुमच्या खटाटोपाचा?" असे त्याने विचारले. मला उत्तर सुचले नाही.

उत्तर १९९८ च्या पावसाळ्यात मिळाले. गावातल्या एका मुलाला रात्री साप चावला. गाडी निघाली, आणि घाटात दरड कोसळून रस्ता बंद असल्याचे कळले. टेलिफोन मुके. मी दरडीपर्यंत गेलो आणि नऊ वाजायची वाट न पाहता हाक दिली. तीन वेळा काहीच नाही. चौथ्या वेळी वरून ओळखीचा आवाज आला. पावसाळी रात्री ते यंत्र चालू ठेवूनच झोपत, हे मला त्या रात्री कळले. ते स्वतः छत्री घेऊन रुग्णालयापर्यंत चालत गेले. वरून गाडी निघाली. चौघांनी मुलाला खाटेवरून दरडीपलीकडे नेले. मुलगा वाचला. वाचविले डॉक्टरांनी आणि औषधाने. आम्ही फक्त निरोप लवकर पोचविला. त्या रात्री घरी येऊन मी आजोबांच्या ओसरीवर किती तरी वेळ बसून होतो.

आता खिशाखिशात मोबाइल आहे. तारयंत्र २०१३ साली बंद झाले. तरीही २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईसारख्या शहरातले मोबाइलही मुके झाले होते. मनोरे विजेवर चालतात. वीज गेली आणि बॅटरी संपली की तेही खाटेला खिळतात. जीपची बॅटरी मात्र इंजिन चालू असेपर्यंत भरत राहते.

वरचे ते गृहस्थ काही वर्षांपूर्वी निवर्तले. त्यानंतर बरेच दिवस मी घाटात गेलो नाही. कुणाला हाक देणार? गेल्या वर्षी माझ्या भाचीने परीक्षा दिली. ती बुलढाण्यास नोकरी करते. यंदा वसुबारसेच्या रात्री नऊ वाजता मी जीप काढली. वळणावर उभा राहून खाली पाहिले तर गावोगावचे दिवे लुकलुकत होते. हाक दिली. पेटीतून आवाज आला, "मामा, स्वच्छ ऐकू येते आहे. फराळाचे काय केले आहे?"

बोलण्यासारखे विशेष काही नव्हते. तरी आम्ही पाच मिनिटे बोललो.