तोल कुणाचा गेला, हा प्रश्न कायद्याने 1923 सालीच सोडून दिलाय

पोस्ट मोठी आहे. पण आपल्या गावात सध्या जिकडे बघावं तिकडे स्लॅब पडतायत, म्हणून वेळ काढून वाचा.

आमच्या धंद्यात एक ठरलेलं वाक्य आहे. 'तोल जाऊन पडल्याने मजुराचा मृत्यू.' पोलीस ठाण्याच्या नोंदीत तेच असतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरातही तेच येतं. मी वीसेक वर्षं तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करतोय. परांची कुणी बांधली होती, कठडा होता का, पट्टा दिला होता का, यातलं काही त्या वाक्यात नसतं. वाचणाऱ्याला वाटतं, तोल त्याचा गेला म्हणजे चूकही त्याचीच. मग ठेकेदार दवाखान्यात येतो, थोडी रक्कम हातात ठेवतो, स्टॅम्प पेपरवर अंगठा घेतो आणि विषय मिटतो.

खरं म्हणजे विषय मिटत नाही. का मिटत नाही, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

1837 साली इंग्लंडमध्ये एक खटला गाजला. एका खाटकाचा नोकर मालकाच्या गाडीवरून माल नेत होता. गाडीत जास्त माल भरला होता, ती मोडली आणि पोराला मार लागला. कोर्टाने मालकाला मोकळं सोडलं. त्यातून एक तत्त्व रूढ झालं. सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, आणि काम पत्करलं म्हणजे त्यातला धोकाही पत्करला. बांधकामाला हे लावून बघा. परांची बांधणारा कामगारच, फळी टाकणाराही कामगारच. म्हणजे मालक कशातच नाही!

हे बदलायला साठ वर्षं गेली. 1897 साली तिथे नुकसानभरपाईचा कायदा आला. चूक कुणाची हे न बघता, कामावर इजा झाली की मालकाने पैसे द्यायचे. बांधकामाला मात्र अट होती, इमारत तीस फुटांहून उंच पाहिजे. एकोणतीस फुटांवरून पडलेल्याला हाडं नव्हती की काय, कोण जाणे.

आपल्याकडे हा विचार आला 1923 साली, 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट' या नावाने. 1 जुलै 1924 पासून तो लागू झाला. रक्कम किरकोळ होती. मृत्यूसाठी तीस महिन्यांचा पगार किंवा 2,500 रुपये, यातलं जे कमी ते. उंचीची मोजपट्टी आपल्या कायद्यातही आली. इमारत एका मजल्याहून उंच किंवा आढ्यापर्यंत बारा फूट वा जास्त, असे शब्द त्याच्या यादीत होते. पण या कायद्याने तीन गोष्टी पक्क्या केल्या, आणि त्या आजही टिकून आहेत.

पहिली, इजा कामामुळे आणि कामाच्या दरम्यान झाली की पुरे. मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही. 'तो प्यायलेला होता' किंवा 'सांगूनही पट्टा लावला नाही' हे बहाणे मृत्यूच्या बाबतीत चालत नाहीत. पुढे कायमच्या संपूर्ण अपंगत्वालाही तेच लागू झालं.

दुसरी, 'तो माझा माणूस नाही, सबठेकेदाराचा आहे' हे चालत नाही. मूळ मालकाने आपल्या धंद्यातलं काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तर भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. नंतर मालक ठेकेदाराकडून वसूल करील, तो त्यांचा आपसातला हिशेब.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. कामगाराने भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार कायद्याने रद्दबातल आहे. आणि माणूस गेला असेल तर भरपाईची रक्कम सरकारी आयुक्ताकडे जमा करावी लागते. दहाव्याला घरी जाऊन दिलेलं पाकीट ही भरपाई धरली जात नाही. म्हणजे तो स्टॅम्प पेपर, त्यावरचा अंगठा, चार साक्षीदारांच्या सह्या, हे सगळं हक्क मारायला पुरेसं नाही. शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी ओळखलं होतं की दवाखान्याच्या पायरीवर बसलेला माणूस कशावरही अंगठा देतो.

पुढची मोठी पायरी सुप्रीम कोर्टाची. 1968 साली ओडिशातल्या जेपोर इथे एका सिनेमा थिएटरात नक्षीकाम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचं म्हणणं, एकच हात गेलाय, संपूर्ण अपंगत्व कसं? डिसेंबर 1975 मध्ये कोर्टाने सांगितलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यापुरतं हे संपूर्ण अपंगत्वच. शिवाय भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नाही. आपल्या गवंड्यांना हे नीट समजलं पाहिजे. कमरेचा मणका गेलेला माणूस दुकानात बसू शकेल कदाचित, पण विटा रचू शकणार नाही. टक्केवारी ठरवताना त्याचं काम काय होतं, हे बघावंच लागतं.

1995 च्या दुरुस्तीने आपल्या भागासाठी मोठं काम केलं. आपली पोरं कामाला जातात पुण्याला, मुंबईला, सुरतेला. आधी दावा अपघात झाला तिथेच लावावा लागायचा. आता जखमी कामगार किंवा त्याचे वारस जिथे राहतात तिथेही लावता येतो. 2000 साली 'हा तुरळक कामाचा माणूस' म्हणून वगळण्याची पळवाटही काढून टाकली. 2009 साली कायद्याचं नाव 'कर्मचारी नुकसानभरपाई' झालं आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा हेही त्यात आलं.

पण भरपाई मिळते पडल्यावर. पडूच नये म्हणून कायदा? त्यासाठी बांधकाम कामगारांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या. त्यांच्या राष्ट्रीय मोहीम समितीचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर. 1996 साली बांधकाम कामगारांचे दोन कायदे झाले, एक सुरक्षा आणि सेवाशर्तींचा, दुसरा उपकराचा. 1998 च्या केंद्रीय नियमांत परांची, जाळ्या, पट्टे सगळं लिहिलं गेलं. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर घेऊन कल्याण मंडळं चालवायची ठरली. महाराष्ट्राचे नियम यायला 2007 उजाडलं. देशभर जमलेला पैसा कामगारापर्यंत पोचत नाही, यावर 2018 साली सुप्रीम कोर्टाने सरकारांना चांगलंच सुनावलं.

आता ताजी गोष्ट. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात. भरपाईचा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण त्याचा गाभा तसाच आहे. मात्र एक बदल आपल्यासारख्या गावांना लागणार. पूर्वी स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम उपकर आणि मंडळाच्या कायद्यातून वगळलेलं होतं. ती मर्यादा आता पन्नास लाख झालीय. आपल्याकडे बहुतेक काम असल्याच बंगल्यांचं चालतं. म्हणजे जिथे परांची बांबू-सुतळीची असते आणि इंजिनिअर आठवड्यातून एकदा येतो, तीच साइट बाहेर! माझं मत स्पष्ट आहे, हे उलटं झालंय. तिथे ठेकेदाराकडे भरपाई मागायचा हक्क तेवढा हातात उरतो, म्हणून तो माहीत असणं आता जास्तच गरजेचं.

रक्कम किती, असं बरेच जण विचारतात. 2020 पासून हिशेबासाठी पगाराची मर्यादा महिना 15,000 रुपये आहे. तीस वर्षांच्या माणसासाठी वयाचा गुणक 207.98. मृत्यू असेल तर पगाराच्या 50 टक्के गुणिले हा आकडा, म्हणजे 15,59,850 रुपये. कायमचं संपूर्ण अपंगत्व असेल तर 60 टक्क्यांनी 18,71,820 रुपये. आता आठवा, गावात असले विषय कितीवर मिटतात ते. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही.

करायचं काय, ते थोडक्यात सांगतो.

दवाखान्यात नोंद करताना 'कामावर, अमुक साइटवर, इतक्या उंचीवरून पडला' असंच लिहायला सांगा. 'घरी पडला' असं लिहू देऊ नका. पोलिसांत जबाब द्या. साइटचे, परांचीचे फोटो त्याच दिवशी काढा, दुसऱ्या दिवशी परांची जागेवर नसते. सोबतच्या दोघातिघांचे नंबर घ्या. हजेरी, फोनवर आलेली मजुरी, मुकादमाचे मेसेज, काही पुसू नका. दाव्याला मुदत दोन वर्षांची आहे. साइटवर ईएसआयची नोंदणी असेल तर भरपाईचा रस्ता तिकडून जातो, ते आधी विचारा. मंडळाकडे नोंद असेल तर तिथली मदत वेगळी मागा. ती मिळाली म्हणून ठेकेदार सुटत नाही.

ठेकेदार मंडळींनाही एक सांगणं. तुमच्यातले बरेच जण कालपर्यंत मिस्त्रीच होते, हे मला माहीत आहे. अपघाताचा विमा काढा. कामगार वाचेल आणि तुमचंही घर विकायची वेळ येणार नाही.

नाक्यावर सकाळी उभी राहणारी माणसं एवढी मोठी पोस्ट वाचणार नाहीत. तुम्ही वाचलीत, तर त्यातली एकच गोष्ट त्यांना तोंडी सांगा. दवाखान्यात कुणी कागद पुढे केला तर सांगायचं, 'वकिलाला दाखवून मग बघू.' आणि घाबरून सही झालीच असेल, तरी दोन वर्षांच्या आत दावा लावायचा. त्या सहीने हक्क गेलेला नसतो.