तिकिटाबाहेरचे ताट

१/
आजच्या क्रूझ जहाजाच्या तिकिटात राहणे, खाणे आणि करमणूक हे सारे आलेले असते. तरीही जहाजावर पाऊल ठेवल्यावर प्रवाशाला कळते की मुख्य भोजनगृहातले जेवण तेवढे तिकिटात आहे. इटालियन, जपानी किंवा फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये बसायचे असेल तर वेगळे पैसे मोजावे लागतील. ही कंपन्यांनी अलीकडे काढलेली युक्ती आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात या वेगळ्या ताटामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातले एक पान १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीचे आहे.

२/
समुद्रावरचा पंक्तिप्रपंच तर त्याहूनही जुना. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात लंडनहून मुंबईला किंवा कलकत्त्याला येणारा प्रवासी आपल्या प्रवासाचा दर थेट जहाजाच्या कप्तानाशी ठरवीत असे. कप्तानाच्या पंक्तीला बसून जेवण्याचा मान महाग होता. ज्याला तो परवडत नसे, तो कमी पैशांत ‘थर्ड मेट’ या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या पंक्तीला बसे. जहाज एकच, वारा एकच, वादळही एकच. ताट मात्र ऐपतीप्रमाणे.

३/
एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजे आली, वेळापत्रके आली आणि छापील दरपत्रकेही आली. वरच्या वर्गाच्या भाड्यात जेवण धरलेले असे. पी अँड ओ कंपनीच्या आरंभीच्या काळात तर दारूही भाड्यातच मिळे. पण या सोयीला शिस्तीची चौकट होती. लांबच लांब मेजे, जमिनीला घट्ट बसवलेल्या खुर्च्या, ठरलेली वेळ आणि सर्वांना सारखी पदार्थांची यादी. शेजारी कोण बसणार, हेसुद्धा बहुधा दुसरेच कोणी ठरवी.

४/
ही चौकट मोडणारा माणूस होता हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन या जर्मन कंपनीचा आल्बर्ट बालिन. हिवाळ्यात अटलांटिकवर प्रवासी कमी होत आणि मोठी जहाजे नुसतीच खर्च खात उभी राहत. त्यावर उपाय म्हणून २२ जानेवारी १८९१ रोजी बालिनने ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज केवळ सहलीसाठी भूमध्य समुद्राकडे धाडले. आधुनिक क्रूझच्या आरंभीच्या सफरींत तिची गणना होते.

५/
बालिनची नजर लंडनच्या कार्लटन हॉटेलवर गेली. सेझार रिट्झ यांचे व्यवस्थापन आणि ऑग्युस्त एस्कोफिए यांचे स्वयंपाकघर यांनी त्या हॉटेलला कीर्ती मिळवून दिली होती. अंतर्गत सजावट वास्तुकार शार्ल मेवेस यांची होती. तिथे बसलेला पाहुणा आपल्या सोयीच्या वेळी येई, आपल्या मित्रांसोबत छोट्या मेजाभोवती बसे आणि यादीतून हवा तो पदार्थ मागवून त्याचाच दाम देई. फ्रेंच भाषेत या पद्धतीला ‘आ ला कार्त’ म्हणतात. हेच सारे समुद्रावर नेता येईल का, असा प्रश्न बालिनला पडला.

६/
उत्तर मिळाले १९०५ मध्ये. ‘अमेरिका’ नावाचे नवे जहाज हॅम्बुर्गहून न्यूयॉर्कला निघाले, तेव्हा त्यावर ‘रिट्झ-कार्लटन’ नावाचे रेस्टॉरंट होते. सजावट मेवेस यांची आणि स्वयंपाकाची घडी एस्कोफिए यांनी बसवून दिलेली. समुद्रावरचे पहिले आ ला कार्त रेस्टॉरंट म्हणून त्याचे नाव घेतले जाते. भाड्यातले भोजनगृह बंद झाले नव्हते. त्याच्या जोडीला हे दुसरे, वेगळ्या पैशांचे दार उघडले होते.

७/
या दारामागे नेमके काय विकले जात होते, हे नीट पाहिले पाहिजे. पहिल्या वर्गाच्या मुख्य भोजनगृहातही अन्न उत्तमच होते आणि भरपूर होते. तेव्हा वेगळे पैसे हे केवळ अन्नाचे नव्हते. ते निवडीचे होते: कधी जेवायचे, काय जेवायचे आणि मुख्य म्हणजे कोणासोबत जेवायचे. पहिल्या वर्गातल्या सर्वांना जे मिळते, त्याहून निराळे असे काहीतरी त्या वर्गातल्याच काहींना हवे होते.

८/
‘अमेरिका’ जर्मन कंपनीचे असले तरी बांधले गेले होते बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ या गोदीत. व्हाइट स्टार लाइन या ब्रिटिश कंपनीची जहाजेही याच गोदीत बांधली जात. त्यामुळे १९११ मध्ये व्हाइट स्टारचे ‘ऑलिम्पिक’ पाण्यावर धावू लागले, तेव्हा त्याच्या बी डेकवरही आ ला कार्त रेस्टॉरंट होते. फ्रेंच अक्रोडाच्या लाकडाची तावदाने, सोनेरी कोरीव काम, लहान लहान मेजे असा त्याचा थाट होता.

९/
या व्यवस्थेत एक तरतूद आजच्या प्रवाशाला नवलाची वाटेल. संपूर्ण प्रवासभर आपण रेस्टॉरंटमध्येच जेवणार, असे प्रवाशाने तिकीट काढतानाच सांगितले, तर त्याच्या भाड्यातून काही पौंड वजा होत. म्हणजे जे ताट घ्यायचे नाही, त्याचे पैसे द्यायचे नाहीत. पुढे वेगळ्या ताटाची प्रथा टिकली. हा न्याय मात्र मागे पडला.

१०/
‘ऑलिम्पिक’चे रेस्टॉरंट व्हाइट स्टार स्वतः चालवीत नव्हती. ते लुइजी गॅटी या इटालियन व्यावसायिकाकडे कंत्राटाने दिलेले होते. आचारी, वाढपी, भांडी घासणारे असे सारे लोक गॅटी यांनी जमवलेले होते. त्यांतले बहुतेक इटालियन आणि फ्रेंच. त्यांचा पगार गॅटी देत. जहाज व्हाइट स्टारचे, माणसे गॅटींची, अशी ही रचना होती.

११/
हा प्रयोग इतका लोकप्रिय ठरला की पुढच्या जहाजावर रेस्टॉरंटची जागा वाढवण्यात आली आणि त्याला लागून ‘कॅफे पॅरिझियां’ नावाची नवी बैठकही देण्यात आली. ते पुढचे जहाज म्हणजे ‘टायटॅनिक’. एप्रिल १९१२ मध्ये गॅटी सुमारे ७० माणसांचा ताफा घेऊन त्यावर चढले.

१२/
१४ एप्रिलला दुपारी ‘टायटॅनिक’च्या बिनतारी यंत्रावर एक संदेश आला. वाटेत दोन मोठे हिमनग दिसल्याचे त्यात म्हटले होते. संदेश पुढे अमेरिकेच्या किनाऱ्याकडे पाठवायचा होता आणि तो तसा पाठवलाही गेला. जहाजाच्या ब्रिजवर मात्र तो पोहोचला नाही. संदेश धाडणाऱ्या जहाजाचे नाव होते ‘अमेरिका’. समुद्रावर पहिले रिट्झ-कार्लटन नेणारे जहाज ते हेच.

१३/
त्या संध्याकाळी गॅटींच्या रेस्टॉरंटमध्ये फिलाडेल्फियाच्या वाइडनर दांपत्याने कप्तान एडवर्ड स्मिथ यांच्यासाठी मेजवानी दिली. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी जहाज हिमनगावर आदळले. पहाटे २ वाजून २० मिनिटांनी ते बुडाले.

१४/
गॅटींच्या माणसांचे काय झाले, याची साक्ष पॉल मोजे याने दिली. तो मुख्य आचाऱ्याचा कारकून होता. ब्रिटिश चौकशी समितीपुढे त्याने सांगितले की रेस्टॉरंटच्या नोकरांना स्टुअर्ड लोकांनी वर डेकवर जाऊ दिले नाही. मोजे आणि मुख्य आचारी कामाच्या वेषात नव्हते, साध्या कपड्यांत होते, म्हणून ते पुढे जाऊ शकले. खाली उतरत असलेल्या लाइफबोटीत मोजेने उडी घेतली. आचाऱ्यालाही तो उडी मारण्यासाठी वारंवार विनवीत होता. पण त्या स्थूल माणसाला ती जमली नाही.

१५/
जहाजावरच्या एकूण खलाशी-कर्मचाऱ्यांपैकी साधारण चारांत एक वाचला. रेस्टॉरंटच्या सुमारे ७० माणसांपैकी वाचले केवळ तिघे: दोन महिला रोखपाल आणि पॉल मोजे. म्हणजे पुरुषांपैकी एकच. लुइजी गॅटीही बुडाले. ही माणसे प्रवासी नव्हती आणि जहाजाच्या रोजच्या पाळ्यांत मुरलेली कर्मचारीही नव्हती. वेगळ्या पैशांच्या दाराआड काम करणाऱ्यांना अखेरच्या घटकेला जहाजावर स्वतःची अशी जागाच उरली नाही.

१६/
ताट कोण मांडतो आणि त्याला त्याचे काय मिळते, हा प्रश्न अटलांटिकपुरता नव्हता. मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर भोजनगृहातले वाढपी आणि आचारी मोठ्या संख्येने गोव्याचे असत. दोन सफरींच्या मधल्या काळात त्यांतले कितीतरी जण मुंबईत धोबीतलावाच्या परिसरातल्या, आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या कुडांत मुक्काम करीत. त्यांचे वेतन युरोपीय सहकाऱ्यांच्या वेतनाहून कितीतरी कमी असे. जहाजाच्या छापील यादीवर पदार्थांची नावे येत. हात कोणाचे, हे त्या यादीत नसे.

१७/
‘टायटॅनिक’नंतरही वेगळे ताट संपले नाही. १९३६ मध्ये निघालेल्या ‘क्वीन मेरी’वर पहिल्या वर्गासाठी ‘व्हरांडा ग्रिल’ होते. जहाजाच्या पिछाडीला उंचावर वसलेल्या या दालनात जेवायचे तर भाड्याखेरीज वेगळे पैसे पडत. भिंतीवर डोरिस झिंकायझन यांची चित्रे होती आणि रात्री तिथे नृत्य रंगे. मुख्य भोजनगृह याहून कितीतरी मोठे होते. मिरवण्याची जागा मात्र हीच.

१८/
ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची नियमित प्रवासी सेवा सुरू झाली आणि जहाजांचे मूळ कामच हरपले. उरलेल्या कंपन्या सहलींकडे वळल्या. क्रूझ जहाजांवर जुने वर्ग हळूहळू पुसले गेले. आता सर्व प्रवासी एकाच भोजनगृहात, दोन पाळ्यांत, ठरलेल्या मेजावर जेवू लागले. ‘सारे काही तिकिटात’ हे वचन याच काळात रुजले आणि मध्यमवर्गाला ते मनापासून भावले.

१९/
पण बालिनने हेरलेली इच्छा मेली नव्हती. २००० मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ नावाची पद्धत आणली: ठरलेली वेळ नाही, ठरलेले मेज नाही, अनेक रेस्टॉरंटे, त्यांतली काही तिकिटात, काही वेगळ्या पैशांची. इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. छापील वर्ग गेले होते. आता प्रत्येक जेवणाला ते नव्याने विकत घेता येऊ लागले.

२०/
त्याच वर्षी ‘सेलिब्रिटी मिलेनियम’ हे जहाज निघाले. त्यावर वेगळ्या पैशांचे एक रेस्टॉरंट होते आणि त्याच्या भिंतींना जुन्या लाकडाची तावदाने बसवली होती. जुने ‘ऑलिम्पिक’ १९३५ मध्ये मोडीत निघाले, तेव्हा त्यातले सामान लिलावात विकले गेले. ही तावदाने इंग्लंडमधल्या एका खासगी घरात लागली आणि तिथून या नव्या जहाजावर आली. त्या रेस्टॉरंटचे नावही ‘ऑलिम्पिक’ असेच ठेवले गेले.

२१/
ज्या लाकडी भिंतींच्या आत गॅटींच्या माणसांनी १९११ मध्ये ताटे मांडली, त्याच भिंतींच्या आत २००० मध्ये पुन्हा तिकिटाबाहेरचे ताट मांडले गेले. तावदाने जपली गेली, हे चांगलेच झाले. ‘टायटॅनिक’बरोबर बुडालेल्या त्या आचाऱ्या-वाढप्यांची आठवण मात्र लिलावात विकली जात नाही. ती चौकशी समितीपुढच्या एका कारकुनाच्या साक्षीत आहे आणि वाचणाऱ्याने ती स्वतःहून जपायची असते.