पेटी, तंबोरा आणि विजेचा स्वर

सांगली, मिरज आणि बेळगाव ही तीन गावे आज रेल्वेच्या एकाच वाटेवर, दीडशे किलोमीटरच्या आत आहेत. मिरजेत तंबोरे तयार होतात. सांगलीच्या एका विद्वान गृहस्थाने बावीस श्रुतींची पेटी आखली. बेळगावच्या वादकांनी साध्या, बारा स्वरांच्या पेटीवर मैफली रंगविल्या. हीच वाट पुढे बंगळूरला जाते, आणि तेथे १९७९ साली विजेवर वाजणारा तंबोरा जन्मास आला. श्रोतेहो, थोड्या खर्चात, सुटे भाग जोडून घरीही करता येईल अशा विजेच्या वाद्याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे. अशा वाद्याने कान बिघडतो, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. वस्तुतः हा आक्षेप नवा नाही. पेटीवरही तो घेतला गेला होता, आणि त्याचे उत्तर याच टापूतील माणसांनी दिले आहे. म्हणून आरंभ पेटीपासून करू.

अलेक्सांद्र दबँ या कारागिराने १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने भाता हलवून वाजवावयाचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून, एका हाताने भाता मारून वाजविता येईल असे रूप दिले. हे वाद्य हलके, टिकाऊ आणि त्यामानाने स्वस्त असल्यामुळे ते नाटक मंडळ्यांत शिरले, कीर्तनात आले, आणि निपाणी, चिकोडी, खानापूर भागातील भजनी मंडळांतही जाऊन बसले. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने तर त्याला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

तथापि या वाद्यात एक मूळचीच उणीव होती. मध्य षड्ज सेकंदास २४० कंपनांचा धरला, तर शुद्ध, नैसर्गिक गांधार ३०० कंपनांवर येतो. खर्जाची तार नीट लागलेल्या तंबोऱ्यात जो गांधार न छेडता आपोआप ऐकू येतो, तो याच नात्याचा असतो. पाश्चात्त्य पद्धतीने सप्तकाचे बारा समान भाग केलेल्या पेटीत मात्र हाच गांधार ३०२.४ कंपनांवर पडतो. फरक अडीच कंपनांचाही नाही. पण तंबोऱ्यासमोर बसून गाणाऱ्याला तो खड्यासारखा टोचतो.

ही उणीव दूर करण्याचा शास्त्रीय प्रयत्न सांगलीस झाला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुतींची पेटी तयार करविली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी या प्रयोगांना आपल्या गळ्याची साथ दिली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या पेटीचे प्रात्यक्षिकही झाले. परंतु विद्वानांत एकमत झाले नाही. वाद्य गुंतागुंतीचे, वाजविण्यास अवघड आणि सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे ठरले. गणित बिनचूक असूनही ते घराघरांत गेले नाही.

दुसरा उपाय बंदीचा. १९४० च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपले दार बंद केले. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे स्वर ठोकळेबाज आहेत, असे आक्षेप होते. रवींद्रनाथांसारख्या कवीचाही तिला विरोध होता. धारवाडचे केंद्र १९५० साली आणि सांगलीचे १९६३ साली सुरू झाले, तेव्हाही बंदी चालूच होती. ती शिथिल झाली १९७१ साली.

या एकतीस वर्षांत बेळगाव काय करीत होते? बेळगाव पेटी वाजवीत होते! कागवाड येथे १९१७ साली जन्मलेले पंडित रामभाऊ विजापुरे बंदीच्या आरंभी तेवीस वर्षांचे होते आणि ती उठली तेव्हा चोपन्न वर्षांचे. त्यांनी पेटीची तालीम तर घेतलीच, शिवाय रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या गवयाकडे गाण्याचेही शिक्षण घेतले. पुढे मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल यांच्यासारख्यांना त्यांनी साथ केली, आणि २०१० साली निधन होईपर्यंत बेळगावात शिष्यांच्या पिढ्या घडविल्या. त्यात मराठी बोलणारे होते, तसे कानडी बोलणारेही होते. सीमेचा वाद स्वरापर्यंत पोहोचला नाही.

गाणे जाणणारा वादक पेटीची उणीव कशी झाकतो, हे पाहण्यासारखे आहे. गायकाच्या गांधाराशी पट्टी जुळत नाही असे दिसताच तो ती दाबून धरीत नाही, ओझरता स्पर्श करून पुढे जातो. कणस्वर लावतो, भात्याचा दाब कमीअधिक करतो. थोडक्यात, जे वाद्यात नाही ते तो आपल्या कानाने भरून काढतो. देवलांची शुद्ध पेटी मागे पडली आणि ही सदोष पेटी टिकली, याचे कारण तिचा स्वस्तपणा तर आहेच; पण तिच्या पाठीशी असा तयार कान उभा राहिला, हे त्याहून मोठे कारण आहे.

आता विजेच्या स्वराकडे वळू. तो आपल्या कानांना परका नाही. १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटातील पुंगीचा सूर कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर काढला होता. बंगळूरचे जी. राज नारायण हे अभियंते आणि बासरीवादकही. त्यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा सिद्ध केला, आणि तंबोऱ्याला साथीदार न मिळणाऱ्या असंख्य विद्यार्थ्यांची सोय झाली.

या स्वराचे मूळ तत्त्व शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. हान्स कामेन्झिंड यांनी आखलेला ५५५ क्रमांकाचा आयसी १९७२ साली बाजारात आला. तो आजही अगदी अल्प किमतीत मिळतो. त्याच्या जोडीला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्यावा. रेझिस्टरमधून वीज येऊन कपॅसिटर भरतो, ठराविक पातळी गाठताच आयसी तो अंशतः रिकामा करतो, आणि तो पुन्हा भरू लागतो. ही भर-ओहोटी सेकंदास २४० वेळा झाली की षड्ज वाजतो. ज्यांना करून पाहावयाचे असेल त्यांनी आठव्या व सातव्या पायांमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर आणि सातव्या व सहाव्या पायांमध्ये ५० किलोओहमचा फिरता रेझिस्टर लावावा. सहावा पाय दुसऱ्यास जोडावा व तेथून कपॅसिटर ऋण टोकास न्यावा. पहिला पाय ऋण टोकास, चौथा व आठवा नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकास जोडावा. तिसऱ्या पायातून, १०० ओहमचा रेझिस्टर व १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मध्ये घालून, लहान लाऊडस्पीकरला स्वर द्यावा. फिरता रेझिस्टर मध्यावर, म्हणजे २५ किलोओहमच्या आसपास आला की षड्ज मिळतो. अशीच दुसरी जोडणी करून तो १५ च्या आसपास आणला की ३६० कंपनांचा पंचम लागतो.

खरा धडा येथून पुढे आहे. पंचम एका कंपनाने जरी चढला, तरी दोन्ही स्वरांच्या मिश्रणात सेकंदास दोन हेलकावे ऐकू येतात. खुंटी पिळावी तशी कळ हलकेच फिरवावी. हेलकावे मंदावतात, लांबतात आणि अखेर स्वर निश्चल होतो. उष्णतेने सुट्या भागांची मापे किंचित बदलतात आणि स्वर सरकतो. मग तो पुन्हा लावावा लागतो. हीच तंबोरा लावण्याची पहिली तालीम होय.

मिरजेच्या तंबोऱ्याची जागा हे खेळणे घेणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मंगळवेढ्याकडील भोपळा, घोडीची घासून साधलेली जवारी आणि तारेखालचा सुताचा धागा यांतून उमटणारी स्वरांची वलये दोन आयसींतून निघत नाहीत. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाने गिऱ्हाईक येत नाही. जवारी ओळखणारे कान असतील तरच ती घासणारे हात टिकतील.

आज तंबोरा भ्रमणध्वनीतही फुकट मिळतो. तो लावावा लागत नाही, आणि धोका आहे तो नेमका येथे. निपाणीजवळच्या खेड्यातील ज्या मुलाला तंबोरा परवडत नाही, त्याला शाळेने हे दोन आयसी अवश्य द्यावेत, पण आयता लावलेला स्वर देऊ नये. षड्ज-पंचम त्याने प्रथम आपल्या कानाने जुळवावेत, आणि मग यंत्रावर ताडून पाहावेत. पुढे मिरजेचा तंबोरा त्याच्या हाती आला, तर तो लावावयाचा कसा, हे त्याला नव्याने शिकावे लागणार नाही.