पांढरीची सीमा आणि माळाचा अधिकार

भोर तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या दाट रानात शेकरू आणि भेकर नांदतात; पूर्वेकडे, भोंगवलीच्या बाजूस, पाऊस ओसरत जातो आणि वनश्रीची जागा माळरानाचे गवत घेते. या गवताचा इतिहास आमच्या ग्रामरचनेत दडलेला आहे. देशावरच्या गावगाड्यात वस्ती पांढरीत, पीक काळीत आणि त्यांपलीकडे गुरांसाठी गायरान, अशी विभागणी रूढ होती. शिवाय सरकारी घोड्यांना वैरण मिळावी म्हणून मराठेशाहीत कुरणे राखली जात. लांडग्यावर वा खोकडावर दया म्हणून ही व्यवस्था कोणी केली नव्हती. तथापि गवत राहिले म्हणून त्याच्या आश्रयाने लांडगा, खोकड आणि चंडोल हेही राहिले.

पुढे इंग्रजी अमदानीत ज्या भूमीतून सारा वसूल होत नाही ती पडीक, अशी दृष्टी महसुली दप्तरांत दृढमूल झाली, आणि 1948 साली पंतसचिवांचे भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यानंतरही ती सरली नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्यास संरक्षण दिले, परंतु तो ज्या माळावर जगतो त्या माळास दिले नाही. पुणे जिल्ह्यातच सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी 1997 साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य अवघे 5.14 चौरस किलोमीटरचे आहे. इतर माळांचे भवितव्य बहुधा सातबाऱ्यावरील एका नोंदीवर अवलंबून असते.

आज पुणे-सातारा महामार्ग आणि नीरेपलीकडील शिरवळची कारखानदारी यांमुळे या भागातील जमिनीस नवे मोल आले आहे. वाढत्या कुटुंबांना घरे हवीत, ही गरज न्याय्य आहे. गावठाणाच्या सीमेपासून 200 मीटरपर्यंतच्या जमिनीस बिनशेती वापराची सुलभ वाट कायद्याने दिलीच आहे. नवी वस्ती प्रथम तेथे वसावी आणि ओढे, गायराने व माळ परस्परांशी जोडलेले राहावेत. सर्वोच्च न्यायालयानेही 2011 साली जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. घर बांधण्याचा अधिकार निर्विवाद आहे. मात्र माळाला पडीक म्हणण्याचा अधिकार आपण आता सोडला पाहिजे.